सीबीझेड आणि पल्सर : आराखडा कोणाच्या हाती?

१/
रायगडच्या किनारपट्टीचा इतिहास आपण बहुधा जलदुर्ग, गुराबा आणि गलबते यांच्या अनुषंगाने वाचतो. आज त्याच किनाऱ्यावरच्या एका अर्वाचीन स्पर्धेकडे वळू. तिचे नायक आहेत हीरो होंडाची सीबीझेड (१९९९) आणि बजाजची पल्सर (२००१). दोन्ही ‘नेकेड’ जातीच्या, म्हणजे इंजिनावर आवरण नसलेल्या, वेगासाठी घडवलेल्या मोटारसायकली. कोणती अधिक पळत असे, हा वाद नाक्यानाक्यावर झडला. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रश्न मात्र वेगळा आहे : या यंत्रांचा आराखडा बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता?

२/
आधी किनारा पाहू. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. उत्तरेस धरमतरची खाडी, मग रेवदंड्याशी कुंडलिका, मुरूडच्या दक्षिणेस राजपुरी आणि सीमेवर सावित्रीची बाणकोट खाडी. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने तेथे पोहोचायला खाडीच्या टोकाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे या भागात ‘वाहन कोणाचे आणि ते कधी सुटणार’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या जगण्याशी बांधलेला राहिला.

३/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाहन म्हणजे आगबोट. किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या आगबोटींचा दबदबा होता. त्यांना टक्कर देण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिलेली कंपनी लोकांत ‘माझी आगबोट कंपनी’ या लाडक्या नावाने ओळखली जाई. आपल्या बोटींना तिने संतांची नावे दिली. तिकीट काढणाऱ्या कोकणी माणसाला त्या ‘माझी’ या शब्दात केवढा अभिमान वाटत असेल!

४/
मात्र येथेच एक बारकावा आहे. याच कंपनीची ‘रामदास’ ही बोट १९३६ मध्ये इंग्लंडच्या स्वान हंटर गोदीत बांधलेली होती. नाव मराठी संताचे, मालकी स्वदेशी, बांधणी परकी. पुढे बोट मूळच्या प्रतिस्पर्धी बाजूकडे गेली आणि १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या शोकान्तिकेचा इतिहास स्वतंत्र आहे. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात ठेवू की मालकी, नाव आणि निर्मितीचे ज्ञान या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

५/
आता दुचाकीकडे. बजाजने परवाना घेऊन इटलीच्या पिआजिओची व्हेस्पा भारतात बनवली. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीहून ‘चेतक’ बाहेर पडली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, अंगकाठी मात्र उघडपणे व्हेस्पाची. बजाजने स्कूटर निर्यात करायला सुरुवात केली तेव्हा पिआजिओने परदेशांतील न्यायालयांत दाद मागितली. ‘ही आमची नक्कल आहे’ हा आरोप पुण्याच्या या कंपनीने तेव्हा ऐकून घेतला. ही गोष्ट पुढे पुन्हा कामी येणार आहे.

६/
परवाना राज्यात उत्पादनावर मर्यादा होती आणि मागणी अमर्याद. चेतकसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. लग्नाच्या बोलणीत स्कूटरच्या नोंदणीचा उल्लेख व्हावा, असा तो काळ. ग्राहकच रांगेत उभा असल्यावर कारखान्याला नवा आराखडा काढण्याची घाई कशाला असेल? मोटारसायकलींच्या बाजूला बुलेट, राजदूत आणि म्हैसूरची जावा-येझदी एवढाच काय तो पसारा होता.

७/
१९८० च्या दशकाच्या मध्यात दार किलकिले झाले. जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह आल्या. होंडा हीरोबरोबर, सुझुकी टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर आणि कावासाकी बजाजबरोबर. हीरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक गाडी १९८५ मध्ये आली आणि ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द मराठी घरांत कायमचा शिरला. त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने तरुणांना वेगाची चटक लावली. काटकसर चार-स्ट्रोकची आणि जोश दोन-स्ट्रोकचा, अशी सरळ विभागणी झाली.

८/
याच काळात रायगडचा किनाराही पालटत होता. थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प, डोलवी आणि साळाव येथे पोलाद उद्योग उभे राहिले. शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांत दरमहा पगाराची माणसे वाढली. पाळीची नोकरी एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही. रात्रीची पाळी सुटल्यावर आठ-दहा किलोमीटरवरचे घर गाठायला स्वतःची दुचाकी हाच खात्रीचा उपाय ठरला.

९/
२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. पण ती रोह्याहून आतल्या अंगाने दक्षिणेकडे जाते. अलिबाग, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही सारी किनारपट्टी रेल्वेपासून दूरच राहिली. शतकभर ज्या रेल्वेची वाट पाहिली, ती डोंगरापलीकडून निघून गेली. किनाऱ्याच्या वाट्याला उरले रस्ते, लाँच आणि दुचाकी.

१०/
अशा वेळी, १९९९ मध्ये, सीबीझेड आली. १५६.८ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन, १२.८ अश्वशक्ती, पाच गिअर आणि पुढच्या चाकाला २४० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक. कार्ब्युरेटरला एक छोटा पंप जोडलेला होता. मूठ झटकन पिळली की तो इंजिनाला पेट्रोलचा जादा शिडकावा देई आणि गाडी न अडखळता उसळे. काटकसरीचे यंत्र समजल्या जाणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात आनंदही असू शकतो, हे सर्वसामान्य भारतीय तरुणाला प्रथम या गाडीने पटवले.

११/
काळही अनुकूल होता. धुराविषयीचे नियम १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये कडक झाले. दोन-स्ट्रोक मोटारसायकलींचा अस्त त्यामुळे जवळ आला. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले होते. वेग हवा असणाऱ्यांसाठी जागा रिकामी होती. सीबीझेडने ती भरली आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशी जागा आहे हे प्रतिस्पर्ध्याला दाखवून दिले.

१२/
‘नेकेड’ या शब्दाची येथे फोड केली पाहिजे. १९७० पर्यंत जवळजवळ सगळ्याच मोटारसायकली उघड्या असत, म्हणून वेगळे नाव लागत नसे. शर्यतीच्या गाड्यांसारखी आवरणे १९८० च्या दशकात सर्रास झाली, तेव्हा मूळच्या रूपाला नाव द्यावे लागले. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या इटलीच्या डुकाटी मॉन्स्टरने उघड्या सांगाड्याचीच शैली केली. युरोपात ती निवड होती. भारतात मात्र आवरण कधी रुळलेच नव्हते. ऊन, चिखल, गर्दी आणि रस्त्याकडेचा मेकॅनिक यांच्यासाठी उघडे इंजिनच सोयीचे.

१३/
या स्पर्धेला एक जागतिक पूर्वकथाही आहे. १९६० च्या दशकाअखेरीस कावासाकी ७५० सीसीची गाडी तयार करत असताना होंडाने सीबी ७५० जगापुढे आणली. कावासाकीने आपला प्रकल्प मागे घेतला, थांबली, आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची झेड १ उतरवली. पहिल्याने बाजार उघडावा आणि दुसऱ्याने मोठे इंजिन घेऊन यावे, हा डाव त्याच वेळी मांडला गेला. तीन दशकांनंतर भारतात होंडाचा भागीदार पहिला आला आणि कावासाकीचा भागीदार दुसरा.

१४/
बजाजची १९९० च्या दशकाअखेरची स्थिती बिकट होती. मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकले होते आणि कंपनीची ओळखच स्कूटरची. राजीव बजाज यांच्या पिढीने तेव्हा एक निर्णय घेतला. कावासाकीचा हात न सोडता, त्याच्याकडून आराखडा न मागता, स्वतःची गाडी करायची. कामात टोकियो आर अँड डी या जपानी संस्थेचा आणि ब्रिटिश रेखाटनकार ग्लिन केर यांचा हात होता. म्हणजे पल्सर ‘शंभर टक्के देशी’ होती हे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फरक असा की बाहेरची मदत मोबदला देऊन घेतलेली होती आणि तयार झालेला आराखडा बजाजच्या मालकीचा होता.

१५/
नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर दोन रूपांत आली. १५० म्हणून विकली जाणारी प्रत्यक्षात १४३.९ सीसीची, १२ अश्वशक्तीची. १८० म्हणून विकली जाणारी १७८.६ सीसीची, १५ अश्वशक्तीची, बटण-स्टार्टसह. सीबीझेड या दोहोंच्या बरोबर मध्ये सापडली. खालून स्वस्त पर्याय आणि वरून ताकदवान पर्याय, असा हा चिमटा होता. या गाड्या चाकण येथील नव्या कारखान्यातून येत होत्या.

१६/
दोहोंची निःपक्षपाती तुलना करायची तर सफाईचे माप सीबीझेडच्या पदरात टाकावे लागेल. तिच्या इंजिनाचा गुळगुळीतपणा आणि गिअरचा हलकेपणा होंडाच्या दीर्घ अनुभवातून आलेला होता. सुरुवातीची पल्सर तिच्यासमोर रांगडी वाटे. पण रांगडेपणा सुधारता येतो. अट एकच, सुधारण्याचा अधिकार आपल्याकडे असला पाहिजे.

१७/
बजाजने तो अधिकार लगेच वापरला. २००३ मध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग देणारी ‘डीटीएस-आय’ रचना आली. ठिणगी दोन ठिकाणी पडली की मिश्रण लवकर आणि नीट जळते, त्यामुळे ताकद आणि बचत यांचा मेळ बसतो. हेडलाइटभोवती छोटे आवरण आले. २००५ मध्ये चाके १७ इंचांची झाली, मागचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलले. दर दोन-तीन वर्षांनी पल्सर कात टाकत राहिली.

१८/
सीबीझेडची गोष्ट उलट झाली. हीरो होंडा कंपनी प्रचंड यशस्वी होती, २००१ पासून विक्रीच्या संख्येत जगात पहिली. पण तंत्रज्ञान होंडाचे. आणि होंडाने १९९९ मध्येच, म्हणजे सीबीझेडच्याच वर्षी, भारतात स्वतःची वेगळी दुचाकी कंपनी स्थापली होती. त्या कंपनीने २००४ मध्ये १५० सीसीची युनिकॉर्न आणली. भागीदारच शेजारी दुकान टाकून बसला. मूळ सीबीझेड २००५ मध्ये थांबली. २००६ मध्ये आलेली सीबीझेड एक्स्ट्रीम नावाने तीच, पण १४९.२ सीसीच्या वेगळ्या इंजिनाची होती.

१९/
डिसेंबर २०१० मध्ये हीरो आणि होंडा विभक्त झाल्या. सव्वीस वर्षांचा संसार आटोपल्यावर हीरोला स्वतःचे संशोधन उभे करणे भाग पडले. अमेरिकेतील एरिक ब्यूएल रेसिंगशी केलेली सोयरीक २०१५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेल्याने तुटली. जयपूरजवळ हीरोचे स्वतःचे संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. विक्रीत पहिला असणे आणि ज्ञानात स्वावलंबी असणे यांत केवढे अंतर असते, हे त्या वर्षांनी दाखवले.

२०/
पल्सरच्या बाजूनेही इतिहास सरळ नाही. दोन स्पार्क प्लगची कल्पना विमानांच्या इंजिनांत आणि इटालियन मोटारींत जुनी होती. बजाजने लहान सिलिंडरच्या इंजिनातील आपल्या रचनेचे पेटंट घेतले आणि २००७ मध्ये टीव्हीएसच्या ‘फ्लेम’वरून वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने मनाई दिली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली आणि असे दावे त्वरेने निकाली काढण्याचे निर्देश दिले. तरी हा वाद तडजोडीने मिटायला २०१९ उजाडले.

२१/
येथे पाचव्या भागातील गोष्ट आठवा. चेतकच्या काळात जिच्यावर नकलेचा आरोप झाला, तीच कंपनी आता दुसऱ्यावर तो आरोप करत होती. यात दांभिकता शोधण्यापेक्षा स्थित्यंतर पाहावे. ज्याच्यापाशी स्वतःचा आराखडा नसतो त्याला परवान्याची मुदत मोजावी लागते. आराखडा हाती आला की कुंपणाची भाषा सुरू होते. औद्योगिक इतिहासात ब्रिटन, अमेरिका, जपान यांनीही हाच क्रम गिरवला आहे.

२२/
या यशाचा हिशोब कामगारांच्या बाजूनेही मांडला पाहिजे. चाकण भरभराटीला येत असताना चेतकचे माहेर असलेल्या आकुर्डीतील उत्पादन सप्टेंबर २००७ मध्ये थांबले. २०१३ मध्ये चाकणच्या कामगारांनी संप केला. त्यांची एक मागणी विलक्षण होती : प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने कंपनीचे ५०० समभाग द्यावेत. जून ते ऑगस्ट चाललेला तो संप विनाअट मागे घेतला गेला. ‘माझी आगबोट’ म्हणणाऱ्या कोकणी उतारूपासून ‘माझे समभाग’ म्हणणाऱ्या चाकणच्या कामगारापर्यंत, ‘माझी’ या शब्दाची ओढ कायम राहिली.

२३/
पल्सरच्या जाहिरातीने गाडी ‘पुरुष’ असल्याचे ठासून सांगितले होते. रायगडच्या किनाऱ्यावर हा दावा विशेष तपासण्याजोगा आहे. येथील मासळीचा किरकोळ व्यापार कोळी स्त्रियांच्या हाती आहे आणि त्यांच्या पाट्या वर्षानुवर्षे वाहून नेल्या त्या एसटीने आणि मिनीडोर रिक्षांनी. ही मिनीडोरही आकुर्डीचीच, बजाज टेम्पोची. चकचकीत जाहिरात एका वाहनाची झाली, पहाटेचा बाजार दुसऱ्याच वाहनाने गाठला. लोकप्रिय यंत्रांचा इतिहास लिहिताना हे दुसरे वाहन गाळू नये.

२४/
किनाऱ्याने या दोन्ही गाड्यांची स्वतःची परीक्षाही घेतली. खारा वारा साखळी, सायलेन्सर आणि चाकांच्या तारा यांना सोडत नाही. उघड्या इंजिनाचा फायदा असा की गंज लगेच दिसतो आणि गावातला मेकॅनिक हात घालू शकतो. तोटा असा की पावसाळ्यात जांभ्याची लाल राड थेट इंजिनाच्या पात्यांत बसते. खाडी ओलांडताना दुचाकी लाँचमध्ये चढवायची आणि पलीकडे उतरवायची, हा रेवस आणि दिघीच्या बाजूचा जुना परिपाठ. पुढे ‘जंगल जेटी’ आल्या आणि ते काम सोपे झाले.

२५/
वेगाची किंमतही नोंदवली पाहिजे. देशातील रस्ते अपघातांत सर्वाधिक बळी दुचाकीस्वारांचे असतात. सीबीझेड आणि पल्सरने पंधरा अश्वशक्तीपर्यंतचा जोर विशीतल्या मुलांच्या हाती दिला, तेव्हा चाक जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेक-यंत्रणा या गाड्यांत नव्हती. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१८ पासून सक्तीची झाली. मुंबई-गोवा महामार्गाचे रायगडातील चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. यंत्र दोन वर्षांत सुधारते, रस्ता आणि शिस्त यांना पिढी लागते. त्या मधल्या अंतरात किती घरांतला कर्ता मुलगा गेला, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

२६/
कथेचे पुढचे पर्व जागतिक आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. २०११ मध्ये चाकणला बनलेली ड्यूक १२५ युरोपात विकली जाऊ लागली आणि २०१२ मध्ये ड्यूक २०० भारतात आली. त्याच वर्षी आलेल्या पल्सर २०० एनएसचे तिच्याशी रक्ताचे नाते होते. एकाच आवारातून निघालेल्या दोन नेकेड गाड्या परस्परांशी स्पर्धा करू लागल्या. ‘देशी’ आणि ‘विदेशी’ यांच्या सीमा येथे पुसट होतात.

२७/
तर मग जिंकले कोण? विक्रीत आणि आयुष्यात पल्सर. ती नव्या नव्या रूपांत आजही चालू आहे. पण बाजाराचे दार उघडण्याचे श्रेय सीबीझेडचे. ती नसती तर चार-स्ट्रोक वेगासाठी पैसे मोजणारा ग्राहक आहे, हे सिद्ध करण्याची जोखीम दुसऱ्या कोणाला तरी घ्यावी लागली असती.

२८/
या इतिहासातून हाती लागणारे सूत्र थोडके आहे. परवान्यावर घेतलेले उत्तम यंत्र आज उत्तम असते. स्वतःच्या आराखड्यावर बनवलेले कच्चे यंत्र उद्या उत्तम होऊ शकते. ‘रामदास’ बोटीपासून विजेवरच्या नव्या चेतकपर्यंत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. आज बॅटरीचे सेल, मोटारींची चुंबके आणि नियंत्रक चिप यांबाबत आपण कोठे आहोत, याचे उत्तर शोधताना १९९९ आणि २००१ या दोन वर्षांकडे वळून पाहणे उपयोगाचे ठरेल.

२९/
वाचकहो, एमएच-०६ पाटीची जुनी सीबीझेड किंवा पहिल्या पिढीची गोल दिव्याची पल्सर अजून कोणाच्या पडवीत उभी असेल तर तिचे वर्ष, गाव आणि तिने ओलांडलेल्या खाड्या अवश्य नोंदवा. कारखान्यांचा इतिहास ताळेबंदांतून मिळतो. रस्त्यांचा इतिहास मात्र अशा नोंदींतूनच लिहिला जाईल.